भांडायला माणूस हवा

दोन आण्यांचे हिशेबाने साडेबारा नये पैसे होतात. पण अर्ध्या पैशाचं नाणं सरकारने काढलंच नव्हतं. त्यामुळे १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा दुकानांतून जे तक्ते लागले, त्यांत एका आण्यापुढे सहा, दोन आण्यांपुढे बारा, तीन आण्यांपुढे एकोणीस आणि चार आण्यांपुढे पंचवीस असे आकडे होते. माझे वडील तेव्हा तेरा वर्षांचे. त्यांनी तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि वाण्याला विचारलं, “दोन आण्यांचा गूळ दोनदा घेतला तर चोवीस पैसे आणि चार आण्यांचा एकदम घेतला तर पंचवीस? मग मी दोनदा येतो.” वाणी म्हणाला, ये. हे खरोखरच दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला वाण्याने गूळ बांधून दिला, कानही धरला आणि प्रकरण मिटलं. आठवडाभरात नवे पैसे त्यांच्या अंगवळणी पडले.

हेच गृहस्थ आता ऐंशी ओलांडल्यावर मोबाइलवरून पैसे द्यायला का कू करतात. घरातली तरुण मंडळी त्याचं निदान एका वाक्यात करून मोकळी होतात : “आजोबांना टेक्नॉलॉजीची भीती वाटते.”

मला हे निदान पटत नाही. ही पिढी आण्यांतून पैशांत आली, शेर-पायलीतून किलो-लिटरमध्ये आली. स्टोव्ह गेला, गॅस आला. ट्रंक कॉल गेला, एसटीडी आला, तोही गेला. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर यांच्यातल्या कितीतरी जणांनी बँकेची पायरी पहिल्यांदा चढली. माझ्या वडिलांना व्हॉट्सॲपवर आलेली सुप्रभाताची फुलं चाळीस जणांना पाठवता येतात, यूट्यूबवरचं कीर्तन फोनवरून टीव्हीवर लावता येतं आणि बंगळुरूला माझ्या भावाला व्हिडिओ कॉल लावून “तुझा पंखा फार जोरात फिरतोय” असंही सांगता येतं. ज्या बोटांना एवढं जमतं त्यांना चार आकडी पिन जमू नये? अडतंय ते दुसरीकडेच.

वडील मध्य रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. पुठ्ठ्याची ती छोटी तिकिटं, तारीख उमटवणाऱ्या यंत्रात तिकीट सरकवलं की होणारा खट् असा आवाज, डाव्या हाताशी नोटा मोजण्यासाठी ओला स्पंज आणि समोर जाळीतलं अर्धगोल भोक. त्या भोकातून दिवसभर हात आत यायचे आणि त्यांतले बरेचसे भांडणाच्या तयारीनेच यायचे. मी पन्नासची दिली होती. ही नोट फाटकी आहे, बदलून द्या. गाडी चुकली ती तुमच्यामुळे. ड्यूटी संपताना विकलेल्या तिकिटांचे नंबर आणि गल्ल्यातली रोकड जुळवावी लागे; कमी भरली तर पदरचे घालायचे. एवढं ऐकून घेऊन आणि पदरमोड करूनही वडील त्या खिडकीबद्दल आदराने बोलतात. त्यांचं म्हणणं असं की पैशाच्या व्यवहारात चूक ही व्हायचीच. तुमची होईल, माझी होईल. चूक झाली की धावत जाऊन ज्याच्याशी भांडता येईल असा एक माणूस ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी बसलेला असला पाहिजे. मग रोख द्या, चेक द्या, काय हवं ते द्या.

मोबाइलच्या व्यवहारात सगळं आहे, तेवढा तो माणूस नाही.

यूपीआय आलं २०१६ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि ३० डिसेंबरला भीम ॲप निघालं. पुढे काय झालं ते आपण रोज बघतोच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या पहिल्यांदाच २००० कोटींच्या वर गेली. भाऊ हा आकडा वडिलांना असा ऐकवत होता, जणू त्यातले निम्मे व्यवहार त्यानेच केले असावेत. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यातले अडकले किती?”

तरी एका रविवारी आम्ही त्यांच्या फोनवर ॲप घेतलं. आम्ही म्हणजे माझ्या मुलाने. डेबिट कार्ड निघालं ते कपाटातल्या चोरकप्प्यातून, बँकेने पाठवलेल्या पाकिटासकट, अंगावर एक ओरखडा नाही. मुदत मात्र केव्हाच संपलेली. मग आधारच्या वाटेने गेलो. ओटीपी आला, स्क्रीनच्या माथ्यावर चमकला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर येईपर्यंत अंतर्धान पावला. दुसरा मागवला. पिन ठरवायची वेळ आली तेव्हा वडिलांनी आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. नातवालाही. “तू पण वळ. विश्वास आहे म्हणूनच सांगतोय.”

खरी अडचण पुढे आली. वयाबरोबर बोटं कोरडी पडतात आणि कोरडं बोट काचेला नीट कळत नाही. वडिलांनी दोनतीनदा दाबलं, काही उमटेना. तेव्हा इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा डावा हात टेबलावर स्पंज शोधू लागला. स्पंज नव्हता, म्हणून त्यांनी बोट जिभेला लावलं. ओलं बोट टेकताच ती काच पिसाळली. एकदा दाबलं की दोनदा उमटे, तिसऱ्यांदा दाबलं की काहीच नाही. पिनच्या जागी नुसते ठिपके. काय दाबलं गेलं ते पाहायला एक डोळ्याची खूण असते म्हणे, पण ती खूण दिसायला आधी डोळा हवा. शेवटी रुमालाने बोट, मग काच, मग पुन्हा बोट पुसून पहिला व्यवहार झाला : शेजारी उभ्या असलेल्या नातवाला एक रुपया. पैसे गेल्याची हिरवी खूण आली. वडिलांनी मान वर करून नातवाला विचारलं, “आला का?” त्याने फोन दाखवला. “फोन काय दाखवतोस? आला का ते सांग.”

हे शिकवणं हा एक वेगळाच प्रकार असतो. तरुण माणूस शिकवतो म्हणजे आपल्या हातातला फोन काढून घेतो. “द्या इकडे. हे असं, मग असं, मग इथे. झालं!” त्याचा अंगठा काचेवरून सरसर फिरतो आणि फोन परत आपल्या हातात येतो, तेव्हा काम झालेलं असतं आणि आपण होतो तिथेच असतो. वडील म्हणाले, “झालं ते कळलं. केलंस काय ते सांग.” मुलाला ते सांगता येईना. त्याला येत होतं, पण सांगता येत नव्हतं. त्याने पुन्हा करून दाखवलं, या वेळी जरा हळू आणि बऱ्याच मोठ्या आवाजात.

मग वडिलांनी जुन्या डायरीचं एक कोरं पान काढलं आणि स्वतःच पायऱ्या लिहिल्या. पहिली पायरी, दुसरी पायरी, प्रत्येक बटणाचं चित्र, कुठलं गोल, कुठलं चौकोनी, कुठे थांबायचं, कुठे नाव वाचून खात्री करायची. चेकवर रकमेपुढे कुणी शून्य वाढवू नये म्हणून ते जशी रेघ ओढतात, तशी रेघ त्यांनी या पानावरही प्रत्येक ओळीच्या शेवटी ओढली होती. इतकं सुबक पान होतं की ॲप बनवणाऱ्यांनी ते छापायला घ्यावं. थोड्याच दिवसांत ॲप अद्ययावत झालं. गोल बटण चौकोनी झालं, खालचं वर गेलं आणि मधोमध विम्याची जाहिरात येऊन बसली. वडील बराच वेळ पानाकडे आणि फोनकडे आळीपाळीने बघत राहिले. “आमची खिडकी मी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत एका जागी होती,” एवढंच म्हणाले. तंत्रज्ञान कंपन्यांतल्या हुशार मुलांना मला यावर खरोखरच विचारायचं आहे : बाबांनो, जे चाललंय ते हलवल्याशिवाय तुमचा पगार निघत नाही का?

तरीही ते वापरत होते. दूध, वर्तमानपत्राचं बिल, कधी रिक्षा. मग एकदा औषधाच्या दुकानात ते चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, दुकानदाराकडे आले नाहीत. मागे रांग. रांगेतल्या एका तरुणाने सुस्कारा सोडला; म्हाताऱ्या माणसाला हा सुस्कारा फार लांबून ऐकू येतो, एरवी कान कितीही जड असोत. दुकानदार सौजन्याने म्हणाला, “काका, माझ्याकडे आले नाहीत.” वडील म्हणाले, “माझ्याकडेही नाहीत. मग आहेत कुठे?” या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नव्हतं, आणि अजून मलाही कुणी ते समजेल असं दिलेलं नाही. वडिलांनी खिशातून रोख काढून दिली, औषध घेतलं आणि घरी येऊन चहा न घेता बसले.

नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की दुकानदाराला दिलेले असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत आणि नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. भावाने फोनवरून हे समजावलं तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. “ते शंभर मागायचे कुणाकडे?” मदतीचं बटण दाबलं. आतून एका यंत्राने नमस्कार करून पाच पर्याय दिले. त्यांत ‘पैसे कुठे आहेत’ हा पर्याय नव्हता. जवळचा एक निवडला, त्यावर एक परिच्छेद आला आणि खाली प्रश्न : तुमचं समाधान झालं का? ‘नाही’ दाबलं की पुन्हा नमस्कार, पुन्हा तेच पाच पर्याय. वडील फोनशी जवळजवळ ओरडून बोलले. यंत्राचा पारा काही चढला नाही. भांडणात समोरचा चिडत नसेल तर भांडणाऱ्याची किती कुचंबणा होते, हे संसार केलेल्या कुणालाही सांगायला नको.

पैसे दुसऱ्याच दिवशी परत आले. वडील खूश व्हायला हवे होते. झाले नाहीत. “कोणी पाठवले? चुकलं कुणाचं होतं? आणि पुन्हा होणार नाही याची हमी कोण देतो?”

या सगळ्या व्यवस्थेत एका रिंगमध्ये फोन उचलणारा एकच जण आहे, आणि तो चोर आहे. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधावा तर चोरांनीच पेरून ठेवलेला नंबर सापडतो. त्यावर फोन केला की पलीकडून कोण तत्परता! “बोला सर, काळजी करू नका सर, मी आहे ना सर.” खिडकीवरच्या माणसाने कधी सर म्हटलं नव्हतं, पोटच्या मुलाला पाच मिनिटं सलग बोलायला वेळ नसतो, आणि हा भला माणूस पाऊण तास न कंटाळता एकेक पायरी सांगतो. केवायसी संपली म्हणतो, रात्री साडेनऊला वीज तोडतील म्हणतो, पैसे परत घ्यायला पिन टाका म्हणतो. घेणाऱ्याला पिन कधीच लागत नाही, ही एवढी गोष्ट प्रत्येक आजीआजोबांना पाढ्यासारखी पाठ हवी. एकाने दुसऱ्याकडे पैशाची मागणी पाठवायची जी सोय यूपीआयमध्ये होती, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीव्यक्तींमध्ये बंदच केली, ती बऱ्याच अंशी या मंडळींच्या कृपेने. त्यावर कडी म्हणजे डिजिटल अरेस्ट. गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर बसलेला माणूस तुम्हाला तुमच्याच दिवाणखान्यात अटक करतो. असली अटक कायद्यात नाहीच, हे २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावं लागलं. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवायचं असतं. तो नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे, गॅसवाल्याच्या आणि प्लंबरच्या मध्ये.

म्हातारी माणसं भोळी म्हणून फसतात असं आपण म्हणतो. मला वाटतं, ती बऱ्याचदा सभ्य म्हणून फसतात. समोरचा बोलत असताना फोन आपटायचा नसतो हे संस्कार त्यांच्यावर झालेत, आणि चोराचा सगळा धंदा त्या संस्कारावर चालतो.

वडिलांनाही असा फोन आला होता. मी धसका घेतला, पण ते विलक्षण खुशीत दिसले. त्यांनी त्या माणसाला त्याचा कर्मचारी क्रमांक विचारला. शाखा कुठली, खिडकी कितवी, वरिष्ठांचं नाव काय, ड्यूटी किती ते किती. त्याने काहीतरी सांगितलं. यांनी कागदावर उतरवून घेतलं आणि मघाशी वेगळं सांगितलंत म्हणून पकडलं. मग टाळी वाजवून म्हणाले, “तुमची रोकड जुळत नाही!” पलीकडून फोन ठेवला गेला. कितीतरी दिवसांनी त्यांना पैशाच्या बाबतीत मनासारखं भांडायला मिळालं होतं. असल्या फोनवर बोलूच नये, हे मी त्यांना सांगून ठेवलंय आणि त्यांनी ते ऐकून घेतलंय, म्हणजे ऐकलेलं नाही.

आमच्याच इमारतीत एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. उभी हयात दुसऱ्यांच्या पैशांची राखण करण्यात गेली. त्यांची पद्धत मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. यूपीआय जोडायला त्यांनी एक निराळंच खातं काढलंय, त्यात चारपाच हजारांच्या वर ठेवत नाहीत. पेन्शन येते त्या खात्याचा फोनशी संबंधच नाही. घराला ओसरी असते आणि माजघर असतं. आल्यागेल्याने ओसरीवर बसावं. तरुणांनी आपल्या आईवडिलांना ॲप शिकवण्याआधी एवढं जरी करून दिलं तरी निम्मी धाकधूक जाईल. पण शिकवायच्या घाईत हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

वय हे कारण असेल तर मग आमच्या डोंबिवलीत स्टेशनजवळ बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींचं काय करायचं? सत्तरी नक्कीच ओलांडलेली असेल. तराजूच्या काट्याला क्यूआर कोडचा पुठ्ठा अडकवलेला, मेथीच्या जुड्यांमागे तो बोलका डबा. लोक स्कॅन करतात, डबा “पंचवीस रुपये मिळाले” असं ओरडतो, मावशी मान वर न करता कोथिंबिरीची काडी पिशवीत टाकतात. स्क्रीन त्या बघतच नाहीत. स्क्रीनवर विश्वास ठेवायचा काळ त्यांच्यापुरता संपला. खोटी हिरवी खूण दाखवून भाजी नेणारं गिऱ्हाईक मंडईतल्या सगळ्यांनाच भेटलंय. म्हणून तो डबा आला, आणि त्याचं महिन्याचं भाडं मावशी देतात. म्हणजे बघा, चित्रावर भरवसा नाही, कुणीतरी चारचौघांत बोललं पाहिजे, हे जे म्हातारी माणसं म्हणत होती तेच बाजाराने निमूटपणे मान्य केलं. फक्त आवाजाची सोय झाली ती पैसे घेणाऱ्याची. देणाऱ्याच्या हातात अजून ती मुकी हिरवी खूणच.

मी मावशींना म्हटलं, तुम्हाला बरं जमलं हो. त्या म्हणाल्या, “मला काय जमायचंय? खातं नातवाचं आहे. आवाज माझ्याकडं, पैसे त्याच्याकडं.” संध्याकाळी तो हिशेब देतो का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशीच्या मालाला त्या रोखच घेऊन येतात आणि म्हणून सुट्टे असतील तर आधी सुट्टेच मागतात.

माझी आत्या चिपळूणजवळच्या एका खेड्यात असते. तिचे यजमान मुंबईला गिरणीत होते आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची. कोकणातली आणि घाटावरची कितीतरी घरं तेव्हा या मनीऑर्डरीवर चालत. पोस्टमन ओटीवर बसायचा, नोटा दोनदा मोजायचा, फॉर्मच्या तळाशी असलेल्या इवल्या जागेतला मजकूर वाचून दाखवायचा. ‘पाऊस कसा आहे. भिंत बघून घेणे.’ आत्याची सही असलेली पोच परत मुंबईला जायची. पैसे पोचले हे पाठवणाऱ्याला तिच्या अक्षरात कळायचं. ती जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. पण मौज अशी की पोस्टमन परत आलाय. २०१८ मध्ये पोस्टाची पेमेंट्स बँक निघाली, तेव्हापासून तो एक छोटं यंत्र घेऊन येतो. आधार नंबर, अंगठा, आणि खात्यातले पैसे दारात. मुलगा पुण्याहून यूपीआयने खात्यात टाकतो, आत्या पोस्टमनकडून रोख करून घेते. त्याच्या दृष्टीने आई डिजिटल झाली, तिच्या दृष्टीने मनीऑर्डर पुन्हा सुरू झाली.

अंगठा मात्र लागत नाही. जन्मभर भांडी घासून, सारवून, कोयती चालवून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. पोस्टमन एकेक बोट करून बघतो. आत्या त्याला सुनावते, “तुझ्या यंत्राला माझी ओळख नाही, पण तुला आहे ना? दे मग पैसे.” त्याला देता येत नाहीत. पण तो उठूनही जात नाही. ओल्या फडक्याने बोट पुसायला लावतो, चहा घेतो, डाव्या हाताची बोटं सुरू करतो. आत्याला या पद्धतीबद्दल काहीही तक्रार नाही. तक्रार ऐकणारा दारात बसलाय म्हटल्यावर तक्रार राहते कुठे?

वडिलांचं नोव्हेंबरचं प्रकरणही त्याच जातीचं. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो घरबसल्या देता येतो, आता तर फोनसमोर चेहरा धरूनसुद्धा. वडील तरी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जातात. मी जिवंत आहे हे मी जाऊन सांगेन, फोनने का सांगावं, असा त्यांचा सवाल आहे. शिवाय तिथे रांगेत जुने सहकारी भेटतात. कोण भेटलं नाही, तेही तिथेच कळतं.

एवढं सगळं असूनही वडील ॲप वापरत राहिले असते. ते थांबले त्याचं कारण कुठल्याही सर्वेक्षणात कुणी कबूल करणार नाही. ते कारण म्हणजे जिलबी.

वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्या खात्याचं नेटबँकिंग भावाकडे आहे, कारण पासबुक भरून आणायला यंत्रापुढे उभं राहावं लागतं आणि ते यंत्र बहुतेक वेळा बंद असतं. भाऊ रविवारी सकाळी बंगळुरूला कॉफी पिता पिता वडिलांचं स्टेटमेंट वाचतो. त्यात गुरुवारी संध्याकाळी एका मिठाईच्या दुकानाचं नाव, पुढे साठ रुपये. त्याआधीच्या सोमवारी तेच. फोन आला. “बाबा, साठ रुपयांत फरसाण येतं, हे मला सांगू नका.” वडिलांनी ॲप काढून टाकलं नाही, फक्त गल्लीच्या टोकापलीकडे ते फोन न्यायचे बंद झाले. खिशात पुन्हा नोटा आल्या. नोटेने आजवर कुणाची चुगली केलेली नाही.

आणि वडिलांचं तरी काय! त्यांच्या वयाच्या बायकांना विचारा. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, जुन्या पर्सच्या अस्तरात जो पैसा असायचा, तो कुणाला माहीत नसणं हाच त्याचा उपयोग होता. भाचीला गुपचूप द्यायला, माहेरच्या अडीअडचणीला, स्वतःला हौसेने काही घ्यायला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये घरोघर हे डबे पालथे झाले, तेव्हा कितीतरी नवऱ्यांना आपली बायको श्रीमंत असल्याचा शोध लागला आणि बायकांची जन्माची पुंजी आठवडाभरात चव्हाट्यावर आली. त्या बाईला आता आपण सांगतो, मावशी, सगळं फोनवर ठेवा, किती पारदर्शक आहे बघा. पारदर्शक आहे, म्हणून तर ती नको म्हणते. भांडायला माणूस हवा असतो हे खरं, पण “कशाला?” असं विचारायला दर वेळी माणूस नको असतो.

भावाने यावर उपाय काढला. २०२४ मध्ये यूपीआय सर्कल म्हणून एक सोय आलीय. एकाच्या खात्यातून त्याच्या विश्वासातल्या दुसऱ्याला खर्च करता येतो. हवी तर महिन्याची मर्यादा घालून द्यायची, जास्तीत जास्त १५ हजार, नाहीतर प्रत्येक खर्चाला खातेदाराने आपला पिन टाकून मंजुरी द्यायची. भावाने गणपतीत घरी आल्यावर वडिलांना हे समजावलं. तुम्ही माझ्या खात्यातून खर्च करा, तुमच्या पेन्शनला हात लावायचीच गरज नाही, पैसे अडकले तर मी बघीन, फसलात तरी तेवढ्यापुरतंच. त्याने अगदी मनापासून सांगितलं.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे मी मागायचं आणि तू मंजूर करायचं?”

“तसं नाही हो बाबा...”

“आणि हे उलटं करता येतं का? खातं माझं, मागणार तू?”

येतं, भाऊ म्हणाला. वडिलांनी खोलीतून फोन आणला, चष्मा लावला, डायरी काढली, नवं पान उघडलं आणि वर तारीख घातली. नातवाच्या मदतीने सगळं जोडून झालं. पिन टाकताना आम्ही आपापल्या परीने भिंतीकडे वळलो. या वेळी त्यांनी बोट आधी रुमालाला पुसलं.

भाऊ बंगळुरूला परत गेला. विमानतळावर त्याने गंमत म्हणून वडिलांच्या खात्यातून कॉफी घेऊन बघितली. इकडे फोन वाजला. वडील वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले, मंजुरीचं बटण समोर असताना त्याला हात न लावता त्यांनी आधी भावाला फोन लावला. “दोनशे ऐंशी कशाचे? कॉफी? किती जण आहात? एकटाच? थांब जरा, आधी पावती घे त्यांच्याकडून आणि मला वाचून दाखव.”